मराठी लोकगीतांतील प्रतिकार आणि शांतीचा स्वर : ओवी, पोवाडा, जलसा आणि भीमगीत यांच्या संदर्भात

प्रस्तावना

लोकगीत हा समूहाच्या भावजीवनाचा आविष्कार आहे, हे विधान लोकसाहित्याच्या अभ्यासात इतक्या वेळा येते की त्याचा अर्थ तपासण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. समूहाचे भावजीवन म्हटले की सण, उत्सव, विधी, ऋतू, माहेर आणि देवदैवते एवढीच चौकट डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु समूहाला राजकीय जीवनही असते. अन्यायाची जाणीव, सत्तेविषयीचा संताप, कलहाचा वीट आणि शांततेने जगता यावे ही आस या गोष्टीही समूहाच्या भावजीवनाचाच भाग होत. मराठी लोकगीतांनी या भावना कोणत्या रीतीने व्यक्त केल्या, आणि प्रतिकार व शांती हे परस्परविरोधी वाटणारे दोन स्वर त्यांत एकत्र कसे नांदतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विषयाकडे पाहताना एक विलक्षण गोष्ट प्रथमदर्शनीच ध्यानात येते. मराठीत जो गीतप्रकार सर्वांत शांत, घरगुती आणि निरुपद्रवी मानला जातो त्या ओवीत प्रतिकाराचा स्वर खोलवर मुरलेला आहे. उलट जो प्रकार युद्धवर्णनासाठी जन्मला त्या पोवाड्याने विसाव्या शतकात दंगल थांबविण्याचे आवाहन केले. शृंगारासाठी प्रसिद्ध असलेल्या लावणीने भाषिक राज्याच्या मागणीची व्यथा सांगितली, तर तमाशाच्या अंगाने वाढलेल्या जलशाने सत्याग्रहाचा विचार गावोगाव पोहोचविला. रूप आणि आशय यांची ही उलटापालट योगायोगाने घडलेली नाही. प्रत्येक वेळी रचनाकारांनी आणि गाणाऱ्यांनी परंपरेने हाती दिलेल्या रूपाचा नवा उपयोग शोधला. हा शोध समजून घेतल्याशिवाय मराठी प्रतिकारगीतांचे वाङ्मयीन मूल्यमापन होऊ शकत नाही.

लोकगीत आणि शाहिरी काव्य : सीमारेषेचा प्रश्न

विवेचनाच्या आरंभीच एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. लोकगीत अनामिक आणि मौखिक असते, शाहिराच्या रचनेत मात्र कर्त्याची नाममुद्रा असते; म्हणून दोहोंचा एकत्र विचार करू नये, असे म्हटले जाते. दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (१९५६) या ग्रंथापासून लोकसाहित्याच्या व्याख्येची जी चर्चा मराठीत होत आली तिच्यात मौखिकता आणि समूहाची मान्यता या लक्षणांना महत्त्व मिळाले. ही लक्षणे प्रमाण मानली तरी शाहिरी रचना त्यांच्या कक्षेबाहेर पडत नाही. शाहीर चाल निवडतो ती लोकांना आधीच ठाऊक असलेली. ध्रुवपद उचलून धरतात ते झीलकरी, आणि पुढे श्रोतेही. रचना छापून येण्याआधी ती शेकडो मैदानांत गायिली जाते, आणि गाता गाता स्थळकाळानुरूप बदलते. कर्त्याचे नाव मुद्रेत असूनही गीताची मालकी समूहाकडे गेलेली असते. तेव्हा लोकगीताचे लोकपण कर्ता अज्ञात असण्यावर अवलंबून नसून गीत कोणाच्या तोंडी राहिले यावर अवलंबून आहे, ही भूमिका येथे गृहीत धरली आहे.

ओवी : जात्याच्या आडोशाने आलेला प्रतिकार

जात्यावरची ओवी ही पहाटे, अर्धवट अंधारात, बहुधा एकट्या वा दोघी स्त्रियांनी म्हटलेली. तिला श्रोता नाही, रंगमंच नाही, बिदागी नाही. ग्रांथिक ओवीचे काटेकोर मोजमापही तिला नाही. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओळ लांबते वा आखडते आणि मध्येच एखाद्या संबोधनाने श्वास घेतला जातो. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहातून आणि सरोजिनी बाबर यांनी आपल्या लोकसाहित्यविषयक संपादनांतून हे धन शिक्षित वाचकांपुढे आणले. पुढे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून संकलित केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांतील पुष्कळ ओव्या २०१७ पासून ध्वनिमुद्रणांसह सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या होऊ लागल्या.

या विपुल सामग्रीत माहेरची ओढ, भावाचे कौतुक आणि विठ्ठलाची भेट हे विषय आहेतच. पण मुलीच्या जन्माविषयीची खंत, सासुरवास, नवऱ्याचा मार, अंगावर पडलेले कष्ट आणि त्या कष्टांची न झालेली कदर हे विषयही तितकेच ठळक आहेत. जाते हे ओवीत अनेकदा देव होऊन येते आणि गाणारी आपले गाऱ्हाणे त्याच्यापुढे मांडते. घरात जे बोलता येत नाही ते जात्यापाशी बोलता येते, कारण बोलणे येथे कामाच्या आवाजात मिसळून जाते. कोणी हटकलेच तर ते ‘नुसते गाणे’ असते. ही पळवाट क्षुल्लक नाही. ब्रिटिश सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा करून रंगमंचावरील शब्दाला परवान्याच्या कक्षेत आणले. जात्यापुढील शब्द कोणत्याही परवान्याच्या आवाक्यात कधीच येऊ शकला नाही.

सीतेच्या वनवासाच्या ओव्या या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत. रामायणाच्या ग्रांथिक परंपरेत राम हा आदर्श राजा आणि सीतेचा त्याग हा राजधर्म. ओव्यांत मात्र दृष्टिकोण सीतेच्या बाजूचा आहे. वनात एकट्या पडलेल्या, गरोदर सीतेचे दुःख गाणारीला आपले वाटते. कैकेयी सासू होऊन येते आणि वनवास हा सासुरवासाचाच दुसरा प्रकार ठरतो. राजाच्या न्यायाविषयी शंका घेण्याचे धाडस येथे होते, पण ते भक्तीची भाषा न सोडता. रामाचे नाव घेतच रामाच्या निर्णयाला नाकारणारी ही भूमिका म्हणजे मराठीतील सर्वांत जुन्या राजकीय भाष्यांपैकी एक मानावी लागेल. ‘राजकीय’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. कारण घरातील सत्ता ही गावातील आणि राज्यातील सत्तेहून निराळी नाही, हे या स्त्रियांनी कोणत्याही सिद्धांतावाचून ओळखले होते.

अर्थात ओवीच्या प्रतिकाराच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. ज्या ओव्यांत सासुरवासाची तक्रार आहे त्याच परंपरेत पतिव्रतेचा गौरव आहे आणि मुलगाच हवा अशी आसही आहे. ओवी दुःखाला नाव देते; ते दुःख दूर करण्याचा मार्ग ती क्वचितच सांगते. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते बाजूला पडले आणि ओवी मुख्यतः लग्नातील हळद दळण्यापुरती उरली, तेव्हा ही बोलण्याची जागाही आकसली. शांततेच्या आत दडलेला प्रतिकार टिकाऊ असतो, पण तो एकाकी असतो. त्याला समूहाचा आवाज होण्यासाठी दुसऱ्या रूपाची गरज होती.

पोवाडा : वीरगाथेचे विषयांतर

पोवाडा हे ते दुसरे रूप. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा आणि सिंहगडाच्या लढाईवरील तुळशीदासाचा पोवाडा या परंपरेतील आरंभीच्या रचना होत. डफ, तुणतुणे, झीलकऱ्यांची साथ आणि शाहिराचे चढत जाणारे निवेदन ही सर्व सामग्री पराक्रमाच्या वर्णनासाठी घडलेली. हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली जुन्या पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला तेव्हा त्यांचा भर ऐतिहासिक पुरुषांच्या व स्त्रियांच्या पराक्रमावर होता, आणि पोवाडा म्हणजे इतिहासाचे साधन ही दृष्टी त्यातून दृढ झाली.

परंतु या संग्रहाच्या बावीस वर्षे आधी, १८६९ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी छत्रपती शिवाजीराजे भोसले यांच्यावर पोवाडा रचून या रूपाला वेगळे वळण दिले होते. या पोवाड्यातील नायक शेतकऱ्यांचा राजा आहे. कुणबी, माळी, महार, मांग यांना समजावे हा हेतू मनात ठेवून त्याची भाषा साधी राखलेली आहे. दरबारी शाहीर आश्रयदात्यासाठी गात असे; फुल्यांच्या पोवाड्याचा आश्रयदाता कोणी सरदार नव्हता. येथे श्रोताच बदलला, आणि श्रोता बदलताच इतिहासाचा अर्थ बदलला. पराक्रमाची गाथा आता ज्यांचा इतिहास हिरावला गेला त्यांना तो परत मिळवून देण्याचे साधन झाली.

त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा पोवाडा अधिक लक्षणीय म्हणावा लागेल. त्याचा विषय विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी हा आहे. शाळाखात्याच्या कारभारात शूद्रांच्या मुलांची होणारी उपेक्षा ही खरे पाहता अर्जाची किंवा वर्तमानपत्री पत्राची सामग्री. तिच्यासाठी पोवाड्याची योजना करण्यात वीरगाथेच्या कल्पनेलाच आव्हान आहे. येथे रणांगण नाही, तलवार नाही. वर्गात मागे बसविलेले मूल आहे. परंतु ज्या उंच स्वरात किल्ल्याची लढाई गायिली जाई त्याच स्वरात हे गाऱ्हाणे गाता येते, असे ठरविल्यामुळे त्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न इतिहासाच्या पातळीवर जातो. शस्त्राविना लढण्याचा विषय पोवाड्याला मिळाला तो येथे.

जलसा : रूपाच्या आतून झालेला बदल

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. त्याचा विचार खेड्यांत नेण्यासाठी पुढील काळात जे जलसे निघाले त्यांनी तमाशाची मांडणी स्वीकारली. गण, गौळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा क्रम प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेला होता. सत्यशोधक जलसाकारांनी तो मोडला नाही. त्याच्या आतील अर्थ बदलला. गणात गणपतीला नमन करावयाचे ही रीत. जलशात ‘गण’ म्हणजे लोक आणि त्यांचा ‘पती’ म्हणजे लोकनायक असा अर्थ लावला गेला. म्हणजे प्रेक्षक अजून नीट बसलेही नसतील, तोच पहिल्या गीताने देवतेच्या जागी माणूस आणलेला असे. गौळणीतील थट्टामस्करीचे शस्त्र पुरोहितशाहीवर रोखले गेले आणि वगातून सावकारी, कर्मकांड व अज्ञान यांचे दुष्परिणाम दाखविले गेले.

आंबेडकरी जलशांनी हा वारसा अधिक शिस्तीने पुढे नेला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (२० मार्च १९२७) आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह या घटनांनी जलशांना विषय पुरविले. नाशिकचे भीमराव कर्डक हे या परंपरेतील अग्रणी. त्यांनीच पुढे ‘आंबेडकरी जलसे’ या ग्रंथात तिची हकीकत नोंदविली. या जलशांचे वैशिष्ट्य असे की त्यांचा प्रतिकार दोन दिशांनी चालतो. एक दिशा बाहेरची, म्हणजे पाणी, मंदिर आणि रस्ता यांवरील हक्काची. दुसरी दिशा आतली : मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारू सोडा, मुलांना शाळेत घाला. समोरच्यावर आरोप करीत असताना आपल्यांनाही जाब विचारणारी ही गीते असल्यामुळे त्यांत द्वेषाला फारसा वाव राहत नाही. सत्याग्रहाला जो संयम लागतो त्याचे शिक्षण या गीतांनी दिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

येथे शांती या कल्पनेचा एक महत्त्वाचा पैलू स्पष्ट होतो. गावात वरवर शांतता होतीच. पाणवठे वेगळे होते, वस्त्या वेगळ्या होत्या, आणि कोणी तक्रार करीत नव्हते. जलशाने ही शांतता भंग केली, असा आरोप त्या काळी होणे स्वाभाविक होते. पण जी शांतता एका समाजाच्या मौनावर उभी आहे ती मुळात शांतता नव्हेच, ही जलशांची भूमिका होती. न्याय मिळेपर्यंत गात राहणे आणि गाताना हात न उगारणे, या दोहोंतून त्यांची शांतीची कल्पना सिद्ध होते.

लाल बावटा कलापथक : दंगल, दुष्काळ आणि विरह

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक स्थापन केले. कामगारांच्या वस्त्या, गिरण्यांची फाटके आणि मैदाने हे त्याचे रंगमंच. अण्णा भाऊंच्या पोवाड्यांचे विषय पाहिले तर रूप आणि आशय यांतील पूर्वोक्त ताण स्पष्ट दिसतो. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ हा रणसंग्रामाचा गौरव करतो. तेथे जुन्या वीरगाथेची रीत जशीच्या तशी उपयोगी पडते. युद्ध सर्वथा त्याज्य मानणारी शांतीची कल्पना या शाहिराची नव्हती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. फॅसिझमविरुद्धचे युद्ध त्याला न्याय्य वाटत होते.

परंतु ‘बंगालची हाक’ या पोवाड्यात नायकाची जागा उपासमारीने मरणाऱ्या जनतेने घेतली आहे, आणि ‘पंजाब-दिल्लीचा दंगा’ या पोवाड्यात तर वीरगाथेपुढे पेचच उभा राहतो. फाळणीच्या काळातील १९४७ च्या कत्तलींत पराक्रम कोणता आणि नायक कोण? दोन्ही बाजूंना हिंसा आहे, आणि दोन्ही बाजूंना मरणारे सामान्य लोक आहेत. पोवाडा पारंपरिक रीतीने गायचा म्हटले तर एका बाजूचा जयजयकार करावा लागेल, आणि तो केला की पोवाडा स्वतःच दंगलीचे हत्यार होईल. अण्णा भाऊंनी ऐक्याचे आवाहन करून हा पेच सोडविला. वीररसाची चाल कायम ठेवून ती माणसे वाचविण्याच्या कामी लावली. जो स्वर रक्त तापविण्यासाठी घडलेला होता तोच स्वर रक्त निवविण्यासाठी वापरण्याचा हा प्रयोग मराठी शाहिरीच्या इतिहासात मोलाचा आहे. लोकगीत शांतीचे वाहक कसे होऊ शकते याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील ‘माझी मैना’ ही छक्कड या विवेचनात वेगळ्या कारणाने महत्त्वाची ठरते. छक्कड हा लावणीचा प्रकार; तिचा स्थायीभाव शृंगार. पोटासाठी मुंबईला आलेला पुरुष आणि गावी राहिलेली त्याची स्त्री यांच्या विरहाने ही रचना सुरू होते. गिरणगावातील हजारो कामगारांची ही रोजची व्यथा होती. सातारा, सांगली, कोकण येथून आलेल्या माणसाला ती समजावून सांगण्याची गरज नव्हती. गीत पुढे सरकते तसा हा खाजगी विरह बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्या ताटातुटीशी जोडला जातो आणि मैना ही भूमी होते. राज्यपुनर्रचनेसारखा आयोग, अहवाल आणि ठराव यांच्या भाषेत अडकलेला प्रश्न अशा रीतीने कामगाराच्या काळजाशी येतो. गीतात संताप आहे, राज्यकर्त्यांविषयी रोष आहे. पण त्याचा पाया ताटातुटीचे दुःख हा आहे. शेजारच्या भाषिकांविषयी वैर निर्माण करण्यापेक्षा आपल्या माणसांची ओढ जागविणे, हा मार्ग लावणीच्या रूपामुळेच खुला झाला.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ झालेला गोळीबार, संयुक्त महाराष्ट्र समितीची ६ फेब्रुवारी १९५६ रोजी झालेली स्थापना आणि १ मे १९६० रोजी अस्तित्वात आलेले राज्य, या सर्व काळात शाहिरांचे डफ थांबले नाहीत. या चळवळीत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. एवढ्या प्रक्षोभात लोकांच्या संतापाला वाट करून देण्याचे आणि त्याच वेळी त्याला सभेच्या मर्यादेत ठेवण्याचे काम गीतांनी केले. सत्तेलाही या गीतांचे सामर्थ्य कळत होते. स्वातंत्र्योत्तर मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली होती ती यामुळेच. परक्या राज्यकर्त्यांनी जे भय बाळगले तेच स्वकीय राज्यकर्त्यांनीही बाळगावे, ही बाब लोकगीताच्या राजकीय सामर्थ्याची साक्ष देते.

याच काळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने, वसंत बापट, लीलाधर हेगडे आदींच्या सहभागाने, निराळ्या विचारसरणीतून पण त्याच लोकरूपांच्या आधारे समतेचा आणि राष्ट्रीय ऐक्याचा प्रचार केला. या परंपरेचे प्रेरणास्थान असलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले होते. स्त्रियांच्या ओव्या वेचणारा हात आणि मंदिराच्या दारासाठी अन्न नाकारणारा निग्रह एकाच व्यक्तीच्या ठायी असावा, यात विसंगती नाही. दोन्ही कृतींचा उगम दुर्बलांचा आवाज ऐकण्यात आहे.

भीमगीत : प्रतिकाराचा आणि शांतीचा संगम

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या घटनेने मराठी लोकगीताच्या आशयात एक मूलभूत बदल घडवून आणला. तोपर्यंतच्या गीतांत प्रतिकार हा मुख्य स्वर आणि शांती ही त्याची मर्यादा होती. धम्मदीक्षेनंतर करुणा, मैत्री आणि शांती ही मूल्ये स्वतःच प्रतिकाराचा आशय झाली. जातिव्यवस्था नाकारणे आणि बुद्धाचा मार्ग स्वीकारणे ही एकच कृती होती. म्हणून भीमगीतात बंडखोर आणि शांतिदूत या दोन प्रतिमा एकमेकींना छेद देत नाहीत. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जी गीते रचली व गायिली त्यांत हा संगम परिपक्व झालेला दिसतो.

विशेष म्हणजे या टप्प्यावर ओवी पुन्हा भेटते. बीड जिल्ह्यातील माजलगावसारख्या ठिकाणी १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत दलित स्त्रियांनी बाबासाहेबांना आणि बुद्धाला जात्यावर आणले आहे. ज्या ओवीत पूर्वी दुःखाचे कारण नशीब असे, तीत आता दुःखाला कारण आहे आणि ते दूर करणारा माणूसही आहे. घरातील एकाकी स्वर आणि मैदानातील सामूहिक स्वर यांची येथे भेट होते. ओवीची जी मर्यादा पूर्वी नोंदविली ती तिने चळवळीच्या संस्काराने स्वतःच ओलांडली, हे निरीक्षण लोकसाहित्य अपरिवर्तनीय असते या समजाला छेद देणारे आहे.

तथापि गीताच्या सामर्थ्याविषयी भाबडेपणा बाळगून चालणार नाही. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मरण पावले. त्यानंतर काही दिवसांतच लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचा आरंभबिंदू ही घटनाच आहे. आयुष्यभर गीताने अन्यायाशी झुंजणाऱ्या माणसाला गीत अपुरे वाटावे, ही वस्तुस्थिती प्रत्येक अभ्यासकाने विचारात घ्यावी अशी आहे. लोकगीत अन्याय थांबवीत नाही. तो अन्याय होता, हे विसरू देत नाही.

समीक्षेचे मौन

एवढी समृद्ध परंपरा असूनही मराठी वाङ्मयेतिहासात तिला मिळालेले स्थान अपुरे आहे. शाहिरी वाङ्मय म्हणून सामान्यतः जो कालखंड शिकविला जातो तो राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर आणि परशराम यांच्यापाशी, म्हणजे पेशवाईच्या अखेरीच्या आसपास, थांबतो. त्यानंतरचा शाहीर आधुनिक कवितेच्या इतिहासात बसत नाही कारण तो ‘लोककलावंत’. आणि लोकसाहित्याच्या अभ्यासातही बसत नाही कारण तो नामवंत कर्ता. या दोन दालनांच्या मधल्या उंबरठ्यावर तो उभा राहिला आहे.

त्याच्या रचनांवर ‘प्रचारकी’ हा शिक्का मारला जातो. पण हा निकष सरसकट लावला जात नाही. आश्रयदात्याची स्तुती करणारा जुना पोवाडा हाही प्रचारच होता. काळाच्या ओघात तो ‘ऐतिहासिक’ ठरला. गीताचे प्रयोजन उघड असणे हा दोष नव्हे. त्या प्रयोजनाने रूपाला काय दिले, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. विद्याखात्यावरील पोवाडा, अर्थ बदललेला गण, दंगलीवरील पोवाडा आणि विरहाची राजकीय छक्कड या चारही ठिकाणी प्रयोजनाने रूपाला नवी शक्यता दिली, हे वर दिसून आले आहे. जेथे रूप जसेच्या तसे ठेवून त्यात केवळ घोषणा भरल्या गेल्या तेथे रचना निकृष्ट झाली, हेही खरे. आणि अशा रचनांची संख्या लहान नाही. ही निवड करण्याचे कामच समीक्षेने टाळले आहे.

दुसरा धोका गौरवाचा आहे. महाविद्यालयीन युवक महोत्सवांत पोवाडा गायिला जातो तो बहुधा फेटे, तलवारीचे हावभाव आणि चढा आवाज यांसह. १८६९ सालच्या पोवाड्याचे वा दंगलीवरील पोवाड्याचे स्मरण तेथे क्वचितच होते. रूपाचा उत्सव होतो आणि त्या रूपाने ज्या प्रश्नांना वाचा फोडली ते प्रश्न मागे पडतात. बंदी घातलेल्या गीताला निदान ऐकणारे असतात. केवळ गौरविलेल्या गीताला प्रेक्षक मिळतात, श्रोते मिळतीलच असे नाही. लोकसाहित्य शिकविणाऱ्या अध्यापकांवर या बाबतीत विशेष जबाबदारी येते.

निष्कर्ष

१) मराठी लोकगीतांत प्रतिकार आणि शांती हे स्वर परस्परविरोधी नाहीत. ओवीच्या शांततेत प्रतिकार आहे आणि पोवाड्याच्या आवेशात शांतीचे आवाहन आहे.

२) या गीतांतील शांतीची कल्पना न्यायावर आधारलेली आहे. अन्याय मुकाट्याने सोसण्यातून आलेली शांतता त्यांना मान्य नाही. हा विचार जलशांत प्रथम स्पष्ट होतो आणि भीमगीतांत परिपूर्ण होतो.

३) प्रतिकारगीतांचे वाङ्मयीन मूल्य त्यांच्या विषयाच्या थोरवीवर अवलंबून नाही. परंपरागत रूपाचा नवा उपयोग जेथे साधला तेथेच ती गीते टिकून राहिली.

४) शाहिरी वाङ्मयाच्या अध्यापनाची सीमा पेशवाईच्या अखेरीपाशी न थांबता ती फुले, जलसाकार, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि वामनदादा कर्डक यांच्यापर्यंत आली पाहिजे, आणि त्यांचा अभ्यास ओवीच्या अभ्यासाशी जोडला गेला पाहिजे. असे झाले तरच लोकगीत हे भूतकाळाचे अवशेष न राहता समाजाने स्वतःशी आणि सत्तेशी केलेला संवाद म्हणून वाचले जाईल.